शिडी की पेटी?

घरात मोटार घ्यायचे ठरले, की चर्चा होते ती रंगाची, हप्त्याची आणि शेजाऱ्याने कोणती घेतली याची. गाडीच्या सांगाड्याची चर्चा मात्र क्वचितच ऐकू येते. वास्तविक माणसाची उंची, चाल आणि ताकद जशी त्याच्या हाडांवरून ठरते, तसेच गाडीचे आहे. आज बाजारात शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन उंच, चौकोनी, दांडग्या दिसणाऱ्या गाड्यांची हाडे अगदी निरनिराळ्या जातींची असू शकतात. एकीला लोक 'कॉम्पॅक्ट क्रॉसओव्हर' म्हणतात, तर दुसरीला 'खरी एसयूव्ही'. यांतली कोणती चांगली, असे विद्यार्थी वर्गात विचारतात. हा प्रश्न पदार्थविज्ञानाचा आहे असे मला वाटते, म्हणून या मासिकात तो मांडतो.

कारध्याजवळ राष्ट्रीय महामार्गाच्या कडेला घटकाभर उभे राहिले, तर एक दृश्य हमखास दिसते. पूर्वी या रस्त्याला ६ क्रमांक होता, आता तो ५३ आहे. त्यावरून मालमोटारीची नुसती चासी जाते. वर पेटारा नाही, कित्येकदा केबिनही नाही. दोन लांबलचक पोलादी तुळया, त्यांना जोडणारे आडवे गज, पुढे इंजिन, खाली चाके आणि वर डोक्याला फडके गुंडाळून बसलेला ड्रायव्हर. याच रस्त्याने पूर्वेला लाखनीच्या बाजूला गेले, की गडेगाव येथे अशोक लेलँडचा कारखाना लागतो. मालमोटारींची माहिती असलेली माणसे त्यामुळे आपल्या भागात पुष्कळ. त्यांना विचारा, ती सांगतील की ही चासी म्हणजेच गाडी, बाकीचे सगळे वर ठेवलेले सामान.

ही चासी वरून पाहिली तर शिडीसारखी दिसते, म्हणून तिला लॅडर फ्रेम म्हणतात. बोलेरो, स्कॉर्पिओ, थार या गाड्यांच्या पोटात अशीच, पण लहान आणि अधिक घोटीव शिडी असते. माणसे बसतात तो डबा तिच्यावर रबरी गाद्यांच्या आधाराने बोल्टांनी बसवलेला असतो. उलट नेक्सॉन, ब्रेझा यांसारख्या गाड्यांमध्ये शिडी नसतेच. तेथे तळ, खांब, छत आणि बाजू मिळून पातळ पत्र्याची एक पेटी होते आणि सगळा भार ती पेटीच वाहते. हिला मोनोकॉक रचना म्हणतात. ही कल्पना नवी नाही. इटलीतील लान्चिया कंपनीने १९२२ साली लॅम्डा नावाची मोटार या धर्तीवर दाखवली होती. पुढे साध्या प्रवासी मोटारींनी शिडी टाकून दिली. ती उरली मालमोटारींत आणि जीपच्या वंशात.

पातळ पत्र्याची पेटी जाड तुळयांच्या शिडीपुढे टिकेल कशी, अशी शंका येणे साहजिक आहे. तिचे उत्तर पुठ्ठ्याच्या बुटांच्या खोक्यातून मिळते. खोक्याचे झाकण काढा, दोन टोके दोन हातांनी धरा आणि ओले कपडे पिळतात तसा पीळ द्या. खोके सहज वाकडे होईल. आता झाकण लावून चारी बाजूंनी चिकटपट्टी मारा आणि पुन्हा पिळा. पुठ्ठा तोच, जाडी तीच, पण आता ते दाद देणार नाही. तसाच दुसरा प्रयोग करता येईल. ड्रॉइंगच्या कागदाची नळी करून सांधा डिंकाने पक्का चिकटवा, वाळू द्या आणि पिळून पाहा. मग सांध्याच्या रेषेवर ती उभी कापून पुन्हा पिळा. कापलेल्या दोन कडा एकमेकींवरून सरकताना डोळ्यांनी दिसतील. बंद नळीत या सरकण्यालाच मज्जाव असतो आणि तिची सारी ताकद त्यात आहे. पातळ नळीची त्रिज्या भिंतीच्या जाडीच्या १० पट असेल, तर बंद नळीची पिळाला विरोध करण्याची क्षमता चिरलेल्या नळीच्या सुमारे ३०० पट भरते. गणित करणाऱ्यांसाठी सूत्र देतो : त्रिज्या भागिले जाडी, त्याचा वर्ग, गुणिले ३.

बांबूची शिडी दोघांनी दोन टोकांना धरून पिळली तर ती किती सहज पिळते, हे घर शाकारणाऱ्यांना ठाऊक असते. मोटारीत शिडी वापरताना तुळया पोकळ आणि बंद छेदाच्या करतात, त्यामुळे पुष्कळ सुधारणा होते. तरीही पेटीइतका ताठपणा आणायचा तर लोखंड जास्त घालावे लागते आणि वजन वाढते. मोनोकॉक गाडीला दारे-खिडक्यांची मोठी भगदाडे असूनही ती ताठ राहते, कारण खांब, दारांखालचे उंबरठे आणि चिकटवलेली पुढची काचसुद्धा पेटीचे काम करते. ताठ सांगाड्यामुळे चाके रस्त्याला ठरवलेल्या कोनात टेकलेली राहतात. वळणावर गाडी आज्ञेत असल्यासारखी वाटते ती त्यामुळे.

मग शिडी अजून जिवंत का? जुनी सवय म्हणून नव्हे. तिच्यापाशी दोन गुण आहेत आणि ते दोन्ही कामकरी माणसाचे आहेत. पहिला गुण असा, की भार दोन तुळयांवर कोठेही ठेवता येतो आणि वरचा डबा वाटेल तसा बदलता येतो. त्याच शिडीवर पिकअप बसते, रुग्णवाहिका बसते, पोलिसांची गाडी बसते. आपल्याकडच्या काळ्या-पिवळ्या आठवा. ट्रॅक्स, कमांडर, सुमो यांनी एकेका फेरीत किती माणसे, किती धानाची पोती आणि किती कोंबड्या वाहिल्या, त्याचा हिशोब कोणी ठेवला नाही हेच बरे. त्या ओझ्याखाली त्या वर्षानुवर्षे टिकल्या याचे श्रेय शिडीला आहे. दुसरा गुण दुरुस्तीचा. वरचा पत्रा चेपला तरी खालची गाडी शाबूत असू शकते आणि तुळईचे वेल्डिंग जाणणारा कारागीर तालुक्याच्या गावी भेटतो. पेटीचा एक कोपरा दबला तर सारी मापे हलतात. ती पूर्ववत ओढून घेण्याची यंत्रे मोठ्या शहरातच असतात.

नागझिरा किंवा कोका अभयारण्यात गेलेल्यांनी पर्यटकांना नेणाऱ्या जिप्सी पाहिल्या असतील. मारुतीची ही गाडी १९८५ साली आली. खाली शिडी, चारही चाकांना ताकद, आणि गिअरची एक जादा खालची जोडी. चाक खळग्यात अडकले असता वेग नको असतो, चाकावरचा परिबल हवा असतो. ही जादा जोडी वेग देऊन परिबल विकत घेते. दगडधोंड्यांतून रोज चार फेऱ्या मारणाऱ्याला याची किंमत कळते. एक घोटाळा मात्र टाळायला हवा. शिडी असली म्हणजे चारही चाके ओढतात असे नव्हे. बोलेरोत बहुधा मागची दोनच चाके ओढतात. उलट पेटीच्या काही गाड्यांत चारही चाकांना ताकद देण्याची सोय केलेली असते. सांगाडा आणि चाकांची ओढ हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत.

या दोन रचनांचा इतिहास महाराष्ट्रातच वाचता येतो. १९४७ साली महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली आणि जीपची शिडी खेड्यापाड्यांत शिरली. त्याच वंशातली बोलेरो २००० साली आणि स्कॉर्पिओ २००२ साली आली. २०११ साली त्याच कंपनीने चाकणहून एक्सयूव्ही ५०० काढली, तेव्हा मात्र शिडी सोडून पेटी घेतली. टाटांच्या सफारीची कथा तर याहून गमतीची. १९९८ साली आलेली सफारी शिडीवरची होती. ती २०१९ पर्यंत चालली. पुढे २०२१ साली त्याच नावाची नवी गाडी आली ती पेटीची, आणि फक्त पुढची चाके ओढणारी. नाव 'सफारी'च राहिले, वरचा दांडगेपणा वाढला, पण आतले हाड बदलले. हा बदल वाईट होता असे मी म्हणत नाही. बहुतेक ग्राहकांच्या दृष्टीने तो चांगलाच होता. माझा आक्षेप इतकाच आहे, की दिसण्यावरून हाड ओळखता येईल हा भरवसा आता सोडला पाहिजे.

सरकारी करही हाडाकडे पाहत नाही, गाडीच्या लांबीकडे आणि इंजिनाकडे पाहतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ४ मीटरच्या आतील लांबीच्या आणि लहान इंजिनाच्या गाड्यांवर वस्तू व सेवा कर १८ टक्के आहे, मोठ्या गाड्यांवर ४० टक्के. बोलेरो शिडीची असूनही लांबी आणि इंजिन या मर्यादांत बसवून १८ टक्क्यांच्या गटात जाते.

आता खड्ड्यांकडे येऊ, कारण 'आपल्या रस्त्यांना खरी एसयूव्हीच पाहिजे' हे वाक्य दर दुसऱ्या घरात ऐकू येते. गाडीचे पोट जमिनीपासून किती उंच आहे, हे खड्ड्याच्या दृष्टीने पहिले माप. थारचे ते २२६ मिलिमीटर आहे, नेक्सॉनचे सुमारे २०८. फरक २ सेंटीमीटरांचा, म्हणजे एका बोटाच्या जाडीचा! पांदण रस्त्यावर, चाकोरीमधला उंचवटा पोटाला घासतो तेथे हे बोट उपयोगी पडेल. थारचा खरा फायदा वेगळा आहे. तिचे नाक आणि शेपूट आखूड असल्यामुळे बांध चढताना ती टेकत नाही. पण शाळा, दवाखाना, बाजार आणि नागपूरची वारी एवढेच ज्या गाडीचे आयुष्य आहे, तिला बांध चढायचा नसतो.

उंचीची किंमतही द्यावी लागते. गाडीचा गुरुत्वमध्य जितका वर आणि दोन बाजूंच्या चाकांमधले अंतर जितके कमी, तितकी ती लवकर कलंडते. चाकांमधले निम्मे अंतर भागिले गुरुत्वमध्याची उंची, हा आकडा सुरक्षिततेचे अभ्यासक वापरतात. चाकांमध्ये १५० सें.मी. अंतर आणि गुरुत्वमध्य ७५ सें.मी. वर असेल, तर उत्तर १ येते. गुरुत्वमध्य ६० सें.मी. वर आणला तर १.२५. सपाट डांबरावर टायर बहुधा आधी घसरतात आणि गाडी कलंडत नाही. पण घसरत जाऊन चाक डांबराच्या तुटक्या कडेला किंवा धानाच्या बांधीच्या धुऱ्याला अडले, की हाच आकडा निकाल लावतो. आपल्या रस्त्यांना कडा किती सुबक असतात ते सांगायला नको.

वजनाचा विचार तर गाडी घेताना कोणी करीतच नाही, आणि केला तरी 'जड तेवढी सुरक्षित' असा करतो. या समजुतीत अर्धे सत्य आहे. १ टनाची आणि २ टनांची अशा दोन गाड्या ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर वेगाने समोरासमोर आदळून एकमेकींना चिकटल्या असे समजा. संवेग अक्षय्य राहतो, म्हणून दोन्ही मिळून जड गाडीच्या दिशेने सेकंदाला ५ मीटर वेगाने जातील. जड गाडीच्या वेगात बदल झाला १० मीटरचा, हलक्या गाडीच्या वेगात २० मीटरचा. जड गाडीतल्यांचे जे वाचले ते हलक्या गाडीतल्यांनी भरले. आणि कारधा-भंडारा रस्त्यावर समोरून येणारी वस्तू बहुधा १ टनाचीही नसते. ती मोटारसायकल असते, सायकलवर शाळेला निघालेली मुलगी असते. ताशी ७२ किलोमीटर वेगाने धावणाऱ्या सव्वा टनाच्या गाडीत अडीच लाख ज्यूल गतिज ऊर्जा असते, २ टनांच्या गाडीत ४ लाख ज्यूल. हे जादा दीड लाख ज्यूल आपल्या घरच्यांसाठी विकत घेतलेले संरक्षण आहे, की दुसऱ्याच्या घरच्यांवर टाकलेले ओझे, हे घेणाऱ्याने स्वतःला विचारावे.

उरलेले अर्धे असत्य आहे, आणि त्याचा दाखला चाचण्यांमध्ये मिळतो. ग्लोबल एनकॅप या संस्थेने २०१६ साली हवेच्या पिशव्या नसलेली स्कॉर्पिओ ताशी ६४ किलोमीटरने अडथळ्यावर आदळवून पाहिली. मोठ्यांच्या संरक्षणासाठी तिला शून्य तारे मिळाले. पेटीच्या नेक्सॉनने, जी वजनाने कितीतरी हलकी आहे, २०१८ साली ५ तारे मिळवले. मग शिडी वाईट म्हणावी, तर २०२२ साली शिडीच्याच नव्या स्कॉर्पिओ-एनने ५ तारे मिळवले. धडक शोषण्यासाठी कोठे मऊ राहायचे आणि कोठे ताठ, याचा आराखडा नीट केला तर दोन्ही रचना माणसे वाचवतात. भारताची स्वतःची चाचणी, भारत एनकॅप, ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे. तिचे निकाल मराठी वर्तमानपत्रांत गाडीच्या जाहिरातीएवढ्या जागेत छापले जावेत, अशी माझी एक बाळबोध इच्छा आहे.

आता पाणी. कारध्याच्या माणसाने या भागापुरता तरी लेख बारकाईने वाचावा. येथला जुना लहान पूल पावसाळ्यात वैनगंगेच्या पाण्याखाली जात आला आहे, आणि ऑगस्ट २०२० च्या अखेरीस भंडाऱ्यात पाणी कोठवर आले ते येथल्या मुलांना सांगावे लागत नाही. मोठी नदी राहू द्या. नाल्यांवरचे रपटे दर पावसाळ्यात बुडतात. तेथे मोटारसायकलवाला थांबतो, लहान मोटारवाला थांबतो, आणि उंच गाडीचा मालक म्हणतो, 'आपली काय, एसयूव्ही आहे.'

आर्किमिडीजला विचारू. मोठ्या गाडीच्या तळाचे क्षेत्रफळ ढोबळपणे ८ चौरस मीटर धरा. पाणी तळाच्या १० सें.मी. वर चढले, की ०.८ घनमीटर पाणी बाजूला सरते आणि ८०० किलो वजनाइतका जोर गाडीला वर उचलतो. दारांच्या फटींतून पाणी आत येते खरे, पण त्याला वेळ लागतो. २ टनांची गाडी तळावर २५ सें.मी. पाणी येताच तरंगू लागेल. लहान गाडीचे वजन सव्वा टन आणि तळ ७ चौरस मीटर धरला, तर ती १८ सें.मी.ला तरंगेल. शिडीमुळे मोठीचा तळ आणखी १० सें.मी. उंच समजा. दोन्ही फायदे मिळून झाले १७ सें.मी.; एका वितीहूनही कमी. पुराचे पाणी वीतभर चढायला किती वेळ लागतो, ते नदीकाठच्या कोणत्याही आजोबांना विचारा.

आणि तरंगण्याची वाट पाहावी लागतच नाही. तळावर १५ सें.मी. पाणी असताना त्या २ टनांच्या गाडीचे १२०० किलो पाण्याने उचललेले असतात; टायरांवर उरतात ८००. ओल्या, शेवाळलेल्या काँक्रीटवर घर्षण गुणांक उदारपणे ०.५ धरला तरी टायरांची पकड ४०० किलोभाराची, म्हणजे सुमारे ३९०० न्यूटन. प्रवाहाचा वेग सेकंदाला अडीच मीटर धरू. ताशी ९ किलोमीटर, रमतगमत जाणाऱ्या सायकलीचा वेग. चाके आणि डब्याची बुडालेली बाजू मिळून दीड चौरस मीटरवर तो सुमारे ४७०० न्यूटन जोराने रेटतो. गाडी कडेला सरकते, आणि रपट्याला कठडा नसतो. थारच्या माहितीपत्रकात ६५० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता दिलेली असते. इंजिनात पाणी न शिरता संथ पाणी किती खोल चालेल, एवढेच त्या आकड्यावरून कळते. प्रवाहाच्या रेट्याचा हिशोब त्यात नसतो.

माझे मत विचाराल तर पगारदार घराला, चार-पाच माणसांना आणि डांबरी रस्त्याला पेटीची गाडी पुरते. ती हलकी असते, कमी इंधन पिते, लवकर कलंडत नाही, रस्त्यावरच्या इतरांना कमी इजा करते. जो रोज धान, खताची पोती किंवा दुधाचे कॅन वाहतो, ट्रेलर ओढतो, जंगलात ये-जा करतो, त्याने शिडीची घ्यावी. तिचे जादा वजन त्याच्या कामात खर्ची पडते. केवळ रुबाबासाठी शिडी घेणाऱ्याला मी अडवणार नाही, पण रुबाबाचे वजन पेट्रोल पंपावर दर आठवड्याला मोजावे लागते हे सांगेन.

घरात गाडीची बोलणी सुरू असतील तर एक काम विद्यार्थ्यांनी आपल्याकडे घ्यावे. शोरूममध्ये मोठी माणसे आसने दाबून पाहत असतील तेव्हा आपण गुडघे टेकून खाली डोकवावे. पुढून मागे गेलेल्या दोन वेगळ्या, जाड तुळया आणि त्यांच्यावर रबरी गाद्यांनी टेकलेला डबा दिसला तर ती शिडी. तळाचा पत्राच घड्या घालून ताठ केलेला दिसला तर ती पेटी. विक्रेत्याला गाडीचे वजन विचारावे. त्याला ते बहुधा पाठ नसते, पण माहितीपत्रकात आणि पुढे नोंदणीच्या कागदावर ते किलोग्रॅममध्ये लिहिलेले असते. मग वहीत तळाचे क्षेत्रफळ मांडावे आणि आपली गाडी किती सेंटीमीटर पाण्यात तरंगेल ते काढून तो आकडा वडिलांना दाखवावा, शक्यतो पावसाळ्यापूर्वी.